संथ सिनेमांची यादी: प्रकल्प नोंदी

३ जून

यादीचं काम आजपासून चालू. आम्हा काही मित्रमैत्रिणींना असे सिनेमे हवेत जे घाई करत नाहीत, ज्यात दर दोन मिनिटांनी पार्श्वसंगीत येऊन आता रडा आता घाबरा असं सांगत नाही, आणि जे बघताना आपल्याला स्वतःचा विचार करायला जागा मिळते. सगळ्यांचं म्हणणं एकच, की असे सिनेमे आहेत हे माहितीये पण सापडत नाहीत. म्हणून एक शीट बनवायची आणि नुसती नावं न टाकता प्रत्येक सिनेमा का घेतला हेही लिहायचं.

आधी साधा सर्च करून बघितला. शांत, रिलॅक्सिंग असले शब्द टाकले की एकतर झोपेसाठीचे पावसाचे व्हिडिओ येतात नाहीतर हलकेफुलके रोमँटिक सिनेमे, ते चांगले असतीलही पण आपल्याला हवं ते हे नाही. जॉनरच्या खान्यात सगळ्यांपुढे ड्रामा लिहिलेलं असतं, त्याचा काही उपयोग नाही. शिफारशी येतात त्या विषय बघून येतात, गती बघून नाही, म्हणजे म्हाताऱ्या आईवडिलांवरचा एक संथ जपानी सिनेमा बघितला की पुढे रडारड असलेले कौटुंबिक सिनेमे येत राहतात.

खरं काम केलं ते चिडलेल्या प्रेक्षकांच्या रिव्ह्यूंनी. एक स्टार देणारे लोक फार नेमकं लिहितात. "बाई नुसती बटाटे सोलत बसते", "गाडी डोंगर चढते आणि उतरते, बाकी काही नाही", "कॅमेरा हलतच नाही". यातलं प्रत्येक वाक्य माझ्यासाठी पत्ता आहे. नुसतं "बोअर" लिहिलं असेल तर सोडून द्यायचं, पण तक्रारीत एखादी कृती किंवा वस्तू आली असेल तर तो सिनेमा शीटमध्ये घ्यायचाच.

७ जून

शीटमध्ये पहिला कॉलम केला शॉटच्या सरासरी लांबीचा. शॉट म्हणजे एका कटपासून पुढच्या कटपर्यंत सलग दिसणारा तुकडा. हिशोब सोपा आहे, सिनेमाची एकूण लांबी भागिले शॉटची संख्या. डेव्हिड बॉर्डवेल या अभ्यासकाने दाखवलंय की १९३० ते १९६० च्या काळात हॉलीवूडच्या बहुतेक सिनेमांत ही सरासरी ८ ते ११ सेकंद असायची आणि शतक संपेपर्यंत ती ३ ते ६ सेकंदांवर आली. आपल्याला घाईची सवय कशी लागली ते या दोन आकड्यांत दिसतं.

दुसऱ्या टोकाला हंगेरीचा दिग्दर्शक बेला टार. त्याचा 'द ट्युरिन हॉर्स' (२०११) अडीच तासांच्या आसपासचा आहे आणि त्यात सगळे मिळून ३० शॉट आहेत, म्हणजे एकेक शॉट साधारण पाच मिनिटांचा. 'वर्कमाइस्टर हार्मनीज' (२०००) मध्ये ३९. जेम्स बेनिंगचा '१३ लेक्स' (२००४) तर सरळ तेरा तळी, प्रत्येक तळ्याला दहा मिनिटं, कॅमेरा एका जागी, अर्ध्या फ्रेममध्ये पाणी आणि अर्ध्यात आकाश.

पण हा कॉलम एकटा पुरत नाही हे जपानी दिग्दर्शक ओझूकडे आलं की लगेच कळतं. यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी' (१९५३) मध्ये शॉट काही फार लांब नाहीत, कट नियमित पडत राहतात, संवादही भरपूर आहेत, तरी सिनेमा इतका निवांत वाटतो. कारण प्रसंग संपला की तो लगेच पुढच्या प्रसंगावर उडी मारत नाही, मध्ये रिकामा पॅसेज दाखवतो, वाळत घातलेले कपडे दाखवतो, कारखान्याची धुरांडी दाखवतो, आणि तेवढ्या काही सेकंदांत आधीचा प्रसंग आपल्यात मुरतो. कॅमेरा जमिनीजवळ, बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली, आणि बहुतेक वेळा स्थिर. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचंही असंच, 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) मध्ये कट भराभर पडतात पण आवाज इतके मोजके आणि चेहरे इतके शांत की आपण श्वास धरून बघत राहतो.

तर हा कॉलम ठेवायचा, पण यावरून निवड करायची नाही.

१२ जून

आज महत्त्वाचा निर्णय झाला, संथ आणि शांत हे दोन वेगळे कॉलम. एका मित्राला मी 'द ट्युरिन हॉर्स' सुचवला होता, त्याने फोन करून सांगितलं की "अगं हा संथ आहे पण शांत अजिबात नाही, मला दुसऱ्या दिवशीही जड वाटत होतं." त्याचं बरोबर आहे. त्या सिनेमात वारा थांबत नाही, बाप आणि मुलगी रोज एकेक उकडलेला बटाटा हाताने सोलून खातात, विहीर आटते, शेवटी दिवाही पेटत नाही. फार मोठा सिनेमा आहे, पण दिवसभर दमून आलेल्या माणसाला विश्रांती म्हणून तो देऊ नये.

आणि मग 'जान दिएलमन' (१९७५). शांताल आकेरमनने हा केला तेव्हा ती जेमतेम पंचविशीची होती. ३ तास २१ मिनिटं. एका विधवेचे तीन दिवस, ती स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरूण घालते, दिवे लावते, मालवते, मुलाची वाट बघते, आणि दुपारी घरी पुरुष येतात त्याचे पैसे घेऊन भांड्यात ठेवते. कॅमेरा समोर उभा, हलत नाही, जवळही जात नाही. पहिल्या दिवशी आपण तिची पद्धत शिकतो, कुठली वस्तू कुठे जाते, कुठला दिवा कधी बंद होतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच! पण पहिला दिवस पूर्ण बघितला असेल तर ते जास्त शिजलेले बटाटे बघून पोटात गोळा येतो, कारण तोपर्यंत त्या घराची शिस्त आपल्या अंगात भिनलेली असते. हे फास्ट कटमध्ये होऊच शकत नाही. सगळ्या स्वयंपाकाचं अर्ध्या मिनिटाचं मोंटाज, म्हणजे छोटे छोटे तुकडे भराभर जोडून, केलं असतं तर बटाट्याचा शॉट नुसता बटाट्याचा शॉट राहिला असता. साइट अँड साउंड मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचं मतदान घेतं, त्यात २०२२ मध्ये हा सिनेमा पहिला आला, ओझूचा 'टोकियो स्टोरी' चौथा. म्हणजे जगातल्या समीक्षकांच्या पहिल्या चारात आपल्या यादीतले दोन आहेत, हे मला फार आनंदाचं वाटतं.

'जान दिएलमन' ला संथ मध्ये पूर्ण मार्क, शांत मध्ये कमी. ताण आहे त्यात, सतत.

यावरूनच चौथा कॉलम सुचला आणि मला वाटतं यादीचा कणा तोच होणार: सिनेमातला वेळ कशाने भरलाय. नुसतं संथ म्हणून कळत नाही, संथ वेळात माणूस करतो काय ते बघायला हवं. सध्या चार खाने, काम, वाट बघणं, प्रवास, जागा.

१९ जून

काम या खान्यावर बसले. माझ्या मते नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी, कारण हात चालू असलेले बघणं कुणालाच अवघड जात नाही.

'इंटू ग्रेट सायलेन्स' (२००५), फिलिप ग्रोनिंगची डॉक्युमेंटरी. आल्प्समधल्या ग्राँद शार्त्रूझ मठात शूटिंग करू द्या म्हणून त्याने १९८४ मध्ये विचारलं, मठातल्या भिक्षूंनी सांगितलं आत्ता नाही, नंतर बघू, आणि होकार कळवला सोळा वर्षांनी. मग तो एकटा आत राहिला, सोबत क्रू नाही, वेगळे लाइट नाहीत, मठात जो उजेड असेल त्यातच शूट करायचं. निवेदन नाही, वरून लावलेलं संगीत नाही, जे काही गायन आहे ते त्यांच्या प्रार्थनेतलं. पावणेतीन तास आपण बघतो की कुणी कापड कापतंय, कुणी लाकडं फोडतंय, कुणी केस कापून घेतंय, कुणी नुसतं गुडघ्यावर बसलंय. मला यात सगळ्यात भावलं ते आवाजाचं, पहिल्या वीस मिनिटांत वाटतं काहीच ऐकू येत नाहीये आणि तासाभराने पायरीवरच्या चपलेचा आवाजही मोठा वाटायला लागतो. सिनेमा तोच, कान बदललेले असतात.

'अ मॅन एस्केप्ड' पण याच खान्यात. तुरुंगातला माणूस चमच्याला धार करून दाराच्या फळ्या सोडवतो, ती सगळी मेहनत हातांच्या शॉटमधून. नावातच कळतं की तो सुटणार आहे आणि तरी उत्कंठा कमी होत नाही, उलट शेवटाची चिंता गेल्यामुळे आपण त्या चमच्याकडे नीट बघतो.

जिम जार्मुशचा 'पॅटरसन' (२०१६), बस चालवणारा आणि कविता लिहिणारा माणूस, सोमवार ते सोमवार. विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (२०२३), टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, कॅसेटवर गाणी ऐकतो, झाडांचे फोटो काढतो. कोजी याकुशोला या भूमिकेसाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचं बक्षीस मिळालं आणि सिनेमात तो बोलतो किती कमी ते बघा. केली रायकार्टचा 'फर्स्ट काऊ' (२०१९) पण घेतला.

२५ जून

शोधायची पद्धत बदलली. शब्दांवरून शोधणं आता जवळजवळ बंद, माणसांवरून शोधतेय, आणि यात एकातून दुसरं सापडत जातं.

उदाहरणार्थ ओझूवरून. तैवानच्या होउ श्याओ-श्येनने 'काफे ल्युमिएर' (२००३) ओझूच्या जन्मशताब्दीनिमित्त केला, त्यात टोकियोच्या लोकल ट्रेन आणि एक मुलगी, बास. इराणच्या अब्बास किआरोस्तामीने 'फाइव्ह' (२००३) ओझूलाच अर्पण केलाय, पाच लांब शॉट, समुद्रकिनारा, लाकडाचा ओंडका, बदकं, आणि शेवटी अंधारात पाण्यावरचा चंद्र आणि बेडकांचे आवाज. म्हणजे एका दिग्दर्शकाला दोन वेगळ्या देशांतल्या माणसांनी त्याच वर्षी दोन पूर्ण वेगळ्या पद्धतीने नमस्कार केला.

कॅमेरामनवरून शोधणं तर आणखी भारी. 'काफे ल्युमिएर' चा कॅमेरा ली पिंग-बिनचा, त्याचं नाव पकडून गेलं की त्रान आन्ह हुंगचा 'द व्हर्टिकल रे ऑफ द सन' (२०००) सापडतो. थायलंडचा दिग्दर्शक अपिचातपोंग वीरासेथाकुल याच्या 'अंकल बुनमी' (२०१०) आणि 'मेमोरिया' (२०२१) चा कॅमेरा सयोंभू मुकदीप्रोमचा, त्यानेच 'कॉल मी बाय युअर नेम' (२०१७) शूट केलाय, आणि हे सांगितल्यावर एका मैत्रिणीचा चेहराच उजळला कारण तिला त्यातला दुपारचा उजेड आवडला होता, आता ती 'अंकल बुनमी' बघायला तयार आहे. रिव्ह्यू वाचून ती कधीच तयार झाली नसती.

म्हणून पाचवा कॉलम, कुणामुळे सापडला.

२ जुलै

वाट बघणं. हा खाना सगळ्यात श्रीमंत निघाला.

मणी कौलचा 'उसकी रोटी' (१९७०), मोहन राकेशच्या कथेवर, कॅमेरा के. के. महाजन. बालो रस्त्याच्या कडेला नवऱ्यासाठी रोटी घेऊन उभी, नवरा बस ड्रायव्हर. एवढंच कथानक, पण झालं ते, होईल असं वाटतं ते आणि तिच्या मनातलं, हे सगळं एकाच सपाट सुरात येतं, कुठे कुठलं ते सांगितलं जात नाही. पहिल्यांदा बघताना अडखळायला होतं, होऊ द्यावं. ज्यांना हा जड वाटेल त्यांना आधी 'दुविधा' (१९७३) द्यावा, विजयदान देथांची गोष्ट आहे, रंग आहेत, धरायला कथानक आहे.

किआरोस्तामीचा 'द विंड विल कॅरी अस' (१९९९), शहरातली माणसं गावात येऊन एका म्हातारीच्या मरणाची वाट बघतात आणि ती मरत नाही, आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून नायक दर वेळी गाडी घेऊन टेकडीवर पळतो. ते पुन्हा पुन्हा चढणं सुरुवातीला गमतीचं वाटतं, मग त्याचीच घाई आपल्याला लाजिरवाणी वाटायला लागते.

त्साय मिंग-ल्यांगचा 'गुडबाय, ड्रॅगन इन' (२००३), पावसाच्या रात्री बंद पडणाऱ्या थिएटरचा शेवटचा खेळ. पहिला संवाद येईपर्यंत सिनेमा जवळजवळ अर्धा झालेला असतो. शेवटाकडे रिकाम्या खुर्च्यांचा एक शॉट आहे, तिकीटवाली बाई झाडून निघून जाते आणि कॅमेरा थांबतो, थांबतो, थांबतोच. ज्यांनी एखादं थिएटर बंद होताना बघितलंय त्यांना तो शॉट लांब वाटणार नाही.

आपल्या भाषेतले सिनेमे इथेच नोंदवते, कारण मित्रांना वाटतं हे सगळं परदेशातलं प्रकरण आहे. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आवर्जून. कॅमेरा लांब उभा, न्यायालयातलं सगळं एका फ्रेममध्ये, आणि काम संपलं तरी शॉट संपत नाही. सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो आणि आपल्याला वाटतं संपला सिनेमा, पण नाही, पुढे न्यायाधीशांची सहल आहे. आणि त्या पुढच्या भागाशिवाय आधीचं सगळं अर्धवट राहिलं असतं. उमेश कुलकर्णीचा 'विहीर' (२००९), अविनाश अरुणचा 'किल्ला', त्याचा कॅमेराही त्याचाच, वडील गेल्यावर आईबरोबर कोकणात आलेला मुलगा आणि पाऊस. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'कासव' (२०१६). 'किल्ला' ला शांत मध्ये सगळ्यात जास्त मार्क.

८ जुलै

बघण्याच्या सेटिंगची नोंद, हे यादीच्या वर लिहायचंय कारण यानेच अर्धे सिनेमे वाया जातात.

टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद, हे सगळ्यात आधी. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सगळं गुळगुळीत सीरियलसारखं दिसतं, धुकं आणि पानं तर बघवत नाहीत. स्पीड एक पटच, सव्वा पट सुद्धा नाही. पुढचं आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद, कारण शेवटची नावं येत असतानाच खरं तर सिनेमा आपल्यात बसतो आणि तेव्हाच कोपऱ्यात दुसरं काहीतरी उड्या मारायला लागतं. अंधाराचे सिनेमे रात्रीच, दिवसा खिडकीचा उजेड पडतो आणि 'अंकल बुनमी' चं जंगल म्हणजे नुसता काळा चौकोन होतो. हेडफोन असतील तर हेडफोन, विशेषतः 'मेमोरिया' ला, तो सिनेमा एका आवाजाबद्दलच आहे, नायिकेला एक धप्प असा आवाज ऐकू येतो जो दुसऱ्या कुणाला येत नाही.

झोप लागली तर काय, हे प्रत्येक जण विचारतो. लागू दे. किआरोस्तामीचंच मत होतं की काही सिनेमे थिएटरमध्ये डुलकी आणतात आणि नंतर रात्रभर जागं ठेवतात, आणि त्याला तसे सिनेमे जास्त जवळचे वाटायचे. उठल्यावर मागे जाऊन बघायचं, काही बिघडत नाही.

१५ जुलै

क्रम लावला. नव्या माणसाला सगळ्यात लांब सिनेमा आधी देऊन त्याची परीक्षा बघायची नाही, यावर मी ठाम आहे.

आधी किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' (१९८७). दीड तासाच्या आत संपतो, चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत द्यायला एक मुलगा शेजारच्या गावात पळतो, मोठी माणसं त्याचं ऐकतच नाहीत. यात संथपणा कुणाला जाणवतही नाही. मग 'पॅटरसन', मग कोरे-एदाचा 'स्टिल वॉकिंग' (२००८), मग कोगोनाडाचा 'कोलंबस' (२०१७), ज्यात दोन माणसं इमारती बघत बोलतात आणि इमारतीही जणू ऐकत असतात. मग 'टोकियो स्टोरी'. तोपर्यंत डोळे तयार झालेले असतात.

त्यानंतर फ्रामार्तिनोचा 'ले क्वात्रो व्होल्ते' (२०१०), कालाब्रियातला म्हातारा धनगर, मग शेळीचं पिल्लू, मग झाड, मग कोळसा. समजायला हवेत असे संवादच नाहीत. आणि यात एक लांबच लांब शॉट आहे ज्यात धनगराचा कुत्रा मिरवणुकीतल्या लोकांवर भुंकतो, मग ट्रकच्या चाकाखालचा दगड काढतो आणि ट्रक उताराने जाऊन शेळ्यांचं कुंपण तोडतो, सगळं एकाही कटविना. ग्रुपमध्ये सगळे खळखळून हसले. संथ सिनेमा म्हणजे गंभीर चेहरा करून बसायचं हा समज या एका शॉटने जातो.

'जान दिएलमन' त्याच्याही नंतर, आणि सुट्टीच्या दिवशी, एका बैठकीत. तुकडे करून बघू नये, पहिला दिवस विसरला तर दुसऱ्याला अर्थ नाही. 'द ट्युरिन हॉर्स' वेगळ्या पानावर, वर सूचना लिहून.

२२ जुलै

यादी ग्रुपला पाठवली. काही काढले, त्यात बरेच असे की जे दिसायला सुंदर, धुकं, डोंगर, पाठमोरी माणसं, पण चौथ्या कॉलममध्ये लिहायला काही नाही. वेळ कशानेच भरलेला नाही, नुसता ताणलेला आहे. असे सिनेमे बक्षीसं मिळवतात आणि नव्या प्रेक्षकाला कायमचं पळवून लावतात, म्हणून मी त्यांच्याबाबतीत कडक राहणार.

त्साय मिंग-ल्यांगचा 'डेज' (२०२०) कुठे ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली. त्यात सबटायटल मुद्दाम दिलेले नाहीत, तसं सुरुवातीलाच लिहून येतं. एक माणूस मानेच्या दुखण्यावर उपचार घेतो, दुसरा आपल्या खोलीत भाज्या धुतो, मासा शिजवतो, मग दोघं एका रात्री भेटतात. मी काम मध्ये टाकला होता, मैत्रीण म्हणाली वाट बघणं मध्ये टाक, कारण दोघंही कुणाचीतरी वाट बघतायत आणि त्यांनाच ते माहीत नाही. तिचं पटलं, हलवला.

पुढे नवीन नाव टाकणाऱ्याने चौथा आणि पाचवा कॉलम भरल्याशिवाय टाकायचं नाही, रेटिंग नको, बक्षिसांची यादी नको. लघुपटांचं वेगळं पान करायचंय. ध्वनी करणाऱ्यांच्या नावांवरून शोध अजून घेतलाच नाही, ते पुढच्या आठवड्यात, सुरुवात 'मेमोरिया' च्या अक्रितचालर्म कल्याणमित्रपासून, त्याने आणखी कुणाकुणासाठी काम केलंय ते शोधून तेवढे सिनेमे आधी बघायचे आणि मगच शीटमध्ये घ्यायचे.